जमिनीतली टाकी गळतेय? आधी गळती शोधा, मग थापी हातात घ्या

कोल्हापुरात पुष्कळ घरांत नळाचं पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत पडतं आणि तिथून मोटारीनं गच्चीवर चढतं. टाकी जिन्याखाली, पोर्चखाली किंवा अंगणात फरशीच्या आड असते. ती घराच्या बांधकामाचाच भाग असल्यानं प्लॅस्टिकच्या टाकीसारखी उचलून बदलता येत नाही आणि तिच्या भिंती बाहेरून दिसतही नाहीत. गळायला लागली की पाणी गुपचूप मातीत मुरतं आणि घरच्यांना ते उशिरा कळतं. मोटार एकदाऐवजी दोनदा लावावी लागते, जोत्याला ओल चढते, पोर्चच्या फरश्या एका अंगाला बसायला लागतात.

पाणी वाया जातं ही त्यातली लहान अडचण. ज्या भेगेतून पाणी बाहेर जातं, त्याच भेगेतून पावसाळ्यात बाहेरचं पाणी आत येतं. टाकीपासून चार हातांवर ड्रेनेजचा चेंबर किंवा संडासाची टाकी असेल, तर आत काय येतं ते सांगायला नको. म्हणून टाकी गळते अशी खात्री झाली की दुरुस्ती होईपर्यंत तिचं पाणी पिण्याला वापरू नका. नाइलाज असेल तर चांगली उकळी आणून मगच वापरा.

इथं विटांच्या बांधकामाच्या, आतून सिमेंटचा गिलावा केलेल्या टाकीचा आणि आरसीसी टाकीचा विचार केला आहे. जुन्या वाड्यांतले चुन्यात बांधलेले दगडी हौद यात येत नाहीत. चुन्याच्या मऊ बांधकामावर कडक सिमेंटचा थर मारला की तो काही वर्षांत पापुद्र्यासारखा सुटतो. त्यांना चुन्याचं काम जाणणारा गवंडीच हवा.

गळते हे आधी सिद्ध करा

पाणी संपतं म्हणजे टाकी गळतेच असं नाही. गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक अडकून पाणी ओव्हरफ्लोनं पन्हाळीत जात असतं, फ्लशच्या टाकीचा वॉशर गेलेला असतो, नाहीतर मोटारीपासून गच्चीपर्यंतच्या पाइपाचा एखादा सांधा भिंतीत पाझरत असतो. हे तिन्ही तपासून झाल्यावर टाकीकडे वळा.

टाकी काठोकाठ भरा. ती बरेच दिवस रिकामी असेल, तर भरल्यावर दोन-तीन दिवस तशीच राहू द्या. कोरड्या विटा आणि गिलावा आधी स्वतः पाणी पितात, आणि ते शोषण गळती समजलं जातं. मग नळाच्या जोडणीचा कॉक बंद करा. कॉक ठिबकत असेल तर आत येणारं पाणी बाहेर जाणारं पाणी झाकून टाकतं, म्हणून तो खरोखर बंद होतो का ते बघा. मोटारीचा प्लग काढून ठेवा. आता झाकणाच्या चौकटीवर एका जागी खूण करा आणि तिथून स्टीलच्या टेपनं पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. चोवीस तासांनी, त्याच खुणेवरून, परत मोजा.

झाकलेल्या टाकीतून बाष्पीभवन नगण्य असतं. दिवसाला मिलिमीटरभर फरक पडला तर काळजी नको. पाच मिलिमीटर किंवा जास्त उतरलं तर गळती नक्की आहे. किती, ते लगेच काढता येतं. ८ फूट लांब, ६ फूट रुंद आणि ५ फूट खोल टाकी घेऊ. हिच्यात सुमारे ६,८०० लिटर पाणी मावतं, आणि तळ साधारण साडेचार चौरस मीटर असल्यानं पातळी १ मिलिमीटर उतरली म्हणजे साडेचार लिटर गेलं. रोज १० मिलिमीटर म्हणजे ४५ लिटर, महिन्याला तेराशे लिटरच्या वर. पुढचे सगळे हिशोब याच मापाच्या टाकीचे आहेत.

पाणी कुठं थांबतं ते बघा

या टप्प्यावर घाई झाली की पुढचे सगळे पैसे वाया जातात. गवंड्याला बोलावलं की तो पहिल्यांदा सगळा गिलावा फोडून नव्यानं करू म्हणतो. पण गळती गिलाव्यात नसून पाइपाच्या भोकात असेल, तर नवा गिलावा होऊनही ती तिथंच राहते.

पाणी न वापरता टाकी तशीच सोडा आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी पातळी लिहून ठेवा. पातळी उतरत जाईल तसा वरचा दाब कमी होतो आणि उतरण्याचा वेगही मंदावतो. एका उंचीवर ती थांबते. सगळ्यात खालची गळती त्या रेषेवर असते. पातळी थांबल्यावर टॉर्च लावून भिंतीवर पाण्याची रेषा खडूनं आखून घ्या.

ती रेषा पाइपाच्या भोकाशी जुळत असेल तर दोषी पाइप. भिंतीच्या मध्यावर कुठंतरी थांबली तर आडवी भेग, किंवा आरसीसी टाकीत दोन वेगवेगळ्या दिवशी ओतलेल्या काँक्रीटमधला सांधा. पाणी थांबतच नाही, पार तळाला जातं, तर तळ किंवा तळ-भिंतीचा कोपरा. एक बारकावा लक्षात ठेवा. थांबण्याची उंची फक्त सर्वांत खालची गळती दाखवते, वर आणखी असू शकतात. रोजच्या आकड्यांत वेग अचानक कमी झाला असेल, म्हणजे काल १२ मिलिमीटर आणि आज एकदम ४, तर त्या दोन पातळ्यांच्या मध्येही एक भोक मागे राहिलं आहे. म्हणून रोजचे आकडे लिहायचे.

संशयाची जागा पाण्याखाली असेल तर रंगानं पडताळा. जिलेबीत घालतात तो खाण्याचा रंग थोड्या पाण्यात दाट कालवा, सुई काढलेल्या सिरिंजमध्ये भरा आणि पाणी अगदी स्थिर असताना भेगेपासून बोटभर अंतरावर हळूच एक थेंब सोडा. गळती नसेल तर रंग ढगासारखा जागीच पसरतो. गळती असेल तर त्याची बारीक दोरी होऊन भेगेकडे ओढली जाते. हात पाण्यात हलला तर काहीच कळत नाही, म्हणून सिरिंजला प्लॅस्टिकची नळी लावून वरूनच सोडा.

केव्हा उपसायची

फेब्रुवारी ते मे. याला दोन कारणं आहेत आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिलं कारण मातीचं. पंचगंगेच्या काठची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यात बांधलेल्या टाकीच्या भेगा मे महिन्यात जास्तीत जास्त उघडलेल्या असतात. तेव्हा भरलेली भेग पावसाळ्यात दाबली जाते, आणि भरलेल्या मालाला दाब सोसतो. पावसाळ्यात मिटलेली भेग भरली तर उन्हाळ्यात ती ताणली जाऊन परत उघडते.

दुसरं कारण जास्त धोक्याचं. पावसाळ्यात भूजल वर आलेलं असताना टाकी रिकामी केली की बाहेरचं पाणी तिला खालून वर उचलतं. बाहेर पाच फूट पाणी असेल तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर दीड टन उचल येते, म्हणजे आपल्या टाकीच्या तळावर साडेसहा टनांच्या वर. चार इंची काँक्रीटच्या तळाचं स्वतःचं वजन जेमतेम एक टन. भरलेल्या टाकीत आतलं पाणी हा जोर पेलतं, ते उपसलं की तळ मधोमध फुगून फुटतो. २०१९ आणि २०२१ सारख्या पुरानंतर पाणी रस्त्यावरून ओसरलं तरी जमिनीत ते बरेच दिवस वरच असतं. सुतारवाडा, दुधाळी, कसबा बावड्याची नदीकडची बाजू अशा सखल भागांत जवळच्या विहिरीची पातळी टाकीच्या तळापेक्षा खाली गेली आहे का, ते बघितल्याशिवाय टाकी उपसू नका. पुराचं पाणी टाकीत शिरलं असेल तर निम्मं पाणी ठेवूनच साफसफाई करा आणि पूर्ण उपसा नंतर करा.

काम धरून तीन-साडेतीन आठवडे टाकी बंद राहते. त्या आधीच ५०० किंवा १,००० लिटरची प्लॅस्टिकची टाकी पोर्चमध्ये ठेवून नळाची जोडणी तात्पुरती तिच्यावर वळवून घ्या. ही सोय नसली की घरचे चौथ्या दिवशीच टाकी भरायला लावतात आणि ओला गिलावा पाण्याखाली जातो.

आत उतरण्यापूर्वी

हा भाग वगळू नका. बंद टाकीत माणसं दगावतात, आणि बऱ्याचदा पहिल्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. बरेच दिवस झाकलेल्या टाकीत, गाळ आणि गंजलेलं लोखंड असेल तिथं, प्राणवायू कमी असतो. वासावरून ते कळत नाही.

झाकण निदान काही तास आधी उघडा आणि पेडेस्टल फॅन किंवा ब्लोअरनं हवा तळापर्यंत जाईल असं करा. काम चालू असताना तो चालूच राहू द्या. मेणबत्ती किंवा काडी पेटवून हवा तपासण्याची पद्धत भरवशाची नाही, आणि आत रंगाची किंवा थिनरची वाफ असेल तर भडका उडतो. आतल्या माणसाच्या कमरेला दोर, वर दोन माणसं, सतत बोलणं चालू. आतला माणूस उत्तर देईनासा झाला तर वरच्यांनी उडी मारायची नाही. दोरानं ओढायचं आणि अग्निशमन दलाला १०१ वर किंवा ११२ वर फोन करायचा. पेट्रोलवर चालणारा पंप टाकीत उतरवू नका, तोंडाशीही ठेवू नका.

सबमर्सिबल पंप चालू असताना पाण्यात पाय घालायचा नाही. उरलेलं पाणी बादलीनं आणि कापडानं काढा. उजेडासाठी बॅटरीचा एलईडी दिवा घ्या. होल्डरला वायर जोडून आत सोडलेला २३० व्होल्टचा बल्ब ओल्या टाकीत चालत नाही.

भिंत काय सांगते

तारेच्या ब्रशनं शेवाळ आणि चिकटा काढून, पाण्यानं धुऊन, फॅन लावून टाकी सुकू द्या आणि जवळच थांबा. गिलावा सुकताना राखाडीचा पांढरट होत जातो, पण भेगेच्या पोटात पाणी असल्यानं तिची रेषा काळी आणि ओली राहते. केसाएवढी भेग, जी एरवी भिंग लावूनही सापडणार नाही, ती या तासाभरात पेन्सिलीनं काढल्यासारखी दिसते. दिसेल तशी खडूनं आखत जा. पूर्ण सुकल्यावर ती पुन्हा दिसेनाशी होते.

मग लहान हातोडीनं सगळ्या भिंती आणि तळ वीत-वीत अंतरानं ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर गिलावा धरून आहे. 'बद्द' आवाज आला तर तो मागून सुटलेला आहे, तिथं चौकोन आखा. निम्म्याहून जास्त भिंत बद्द वाजत असेल तर ठिगळं न लावता तेवढी भिंत पूर्ण सोलून नवा गिलावा करा. आखलेल्या खुणांची तुलना आधीच्या पाण्याच्या रेषेशी करा. दोन्ही जुळल्या की गळती सापडली.

भेग तीन मिलिमीटरहून रुंद असेल, तिच्या दोन कडा वरखाली झाल्या असतील, किंवा मागच्या दुरुस्तीवरूनच नव्यानं फाटली असेल, तर खालची जमीन हलते आहे. नारळ, उंबर किंवा पिंपळाचं मूळ आत आलेलं दिसलं तरी तेच. तिथं माल भरण्यात पैसे घालू नका, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

सामान

दुकानात लोक सरसकट 'डॉ. फिक्सिट द्या' म्हणतात. ते एका ब्रँडचं नाव आहे आणि त्या नावाखाली डझनभर वेगवेगळ्या वस्तू येतात. दुकानदाराला वस्तूचं काम सांगून मागा. आपल्या टाकीला संपूर्ण नवा २० मिलिमीटर गिलावा आणि वर कोटिंग करायचं असेल तर अंदाजे एवढं लागतं: सिमेंट साडेतीन पोती, वाळू १२ ते १३ घनफूट, गिलाव्यात घालायचं वॉटरप्रूफिंग लिक्विड पोत्याला २०० मिलीप्रमाणे ७०० मिली, एसबीआर लेटेक्स (जुना-नवा माल धरून ठेवणारं दुधासारखं रबरी द्रव) ५ लिटर, पाणी थांबवणारं झटपट सिमेंट (वॉटर प्लग) एक-दोन किलो, फायबरग्लासची जाळी १५ मीटर, आणि दोन भागांत मिळणारं सिमेंट-पॉलिमर कोटिंग ३० ते ३५ किलो. फक्त भेगा आणि कोपरे करायचे असतील तर सिमेंट-वाळू याच्या चौथाईतही भागतं.

कोटिंगच्या डब्यावर 'पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठी' असं छापलेलं असल्याशिवाय घेऊ नका. गच्चीवर मारायचं लवचीक अॅक्रिलिक कोटिंग स्वस्त पडतं म्हणून टाकीत मारलेलं दिसतं. ते पावसाचं पाणी वाहून जाण्यासाठी आहे, कायम पाण्याखाली ते मऊ पडून सालीसारखं निघतं. डांबर आणि ऑइलपेंट पिण्याच्या टाकीत अजिबात नको.

हल्ली नदीची वाळू सहजी मिळत नाही आणि क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) येते. तिच्यातली भुकटी जास्त असेल तर गिलाव्याला जाळीदार चिरा पडतात. काचेच्या बाटलीत निम्म्यापर्यंत वाळू घ्या, चिमूटभर मीठ घातलेलं पाणी ओता, खळखळून हलवा आणि तीन तास ठेवा. वाळूवर बसलेला बारीक गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या बारा-तेराव्या हिश्शापेक्षा जाड असेल तर धुऊन घ्या किंवा गाडी परत पाठवा.

पाइपाची भोकं

पाइपापाशीच बहुतेक टाक्या गळतात. पीव्हीसी आणि सीपीव्हीसी पाइप गुळगुळीत असतो आणि सिमेंट त्याला चिकटत नाही. गवंडी भोवती माल दाबतो, पहिल्या दिवशी सगळं घट्ट दिसतं, आणि मग मोटारीच्या धक्क्यानं आणि उन्हानं पाइप हलतो, भोवती केसाएवढी फट पडते. बाहेरून माल थापून ही फट बंद होत नाही, कारण पाणी आतून ढकलत असतं. माल आतल्या बाजूनंच बसायला हवा.

पाइपाभोवती दोन इंच रुंद आणि दीड-दोन इंच खोल गोल खाच छन्नीनं खोदा. पाइपाचा उघडा भाग ६० नंबरच्या सँडपेपरनं गोल-गोल घासून खरखरीत करा, त्यावर सॉल्व्हंट सिमेंट (पाइप जोडायचा चिकट द्रव) लावा आणि ओलं असतानाच कोरडी चाळलेली वाळू भुरभुरवा. अर्ध्या तासानं वाळू पाइपाला घट्ट बसते आणि आता सिमेंटला धरायला जागा मिळते. फॅन यावेळी जोरात हवा, सॉल्व्हंटची वाफ डोक्यात जाते. त्यावर पाण्यात फुगणारी रबरी पट्टी (स्वेलेबल वॉटरस्टॉप) पाइपाला एक वेढा घालून बसवा. तिच्यावर सगळ्या बाजूंनी किमान दोन इंच माल आला पाहिजे, म्हणून पट्टी घालायची असेल तर खाच तेवढी मोठी खोदा. कमी आला तर फुगताना ती वरचा माल उडवते. जागा नसेल तर पट्टी घालू नका, नुसता न आकसणारा ग्राउट (पोकळी भरायचा तयार सिमेंटचा माल) खाचेत ठासून भरा.

पाइप बदलायचाच असेल तर मधोमध गोल चकती वेल्ड केलेला तुकडा बसवणं सर्वांत पक्कं. याला पडल फ्लँज म्हणतात. शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये स्टेनलेस स्टीलचा असा तुकडा करून मिळतो. पाइपाचा व्यास आणि भिंतीची जाडी लिहून न्या, चकती पाइपाच्या सगळ्या बाजूंनी दोन इंच बाहेर ठेवा आणि वेल्डिंग चकतीच्या दोन्ही अंगांना सलग गोल घ्यायला सांगा. चार टाके मारलेली चकती काही कामाची नाही, पाणी टाक्यांच्या मधून जातं.

भेगा आणि कोपरे

भेगेवर नुसता लेप मारू नका. ती छन्नीनं एक इंच रुंद, एक इंच खोल उघडा. 'व्ही' आकाराची खाच करायची सवय असते, पण तीत माल पाचरीसारखा बसतो आणि सुटतो. खाचेच्या बाजू सरळ, जमल्यास आत थोड्या रुंद ठेवा. भेग जिथं संपलेली दिसते त्याच्या पुढं चार इंच जा.

खाचेतून बाहेरचं पाणी आत पाझरत असेल तर आधी ते थांबवा. वॉटर प्लगची मूठभर पूड थोड्या पाण्यात मळून हातात लाडवासारखा गोळा धरा. हातमोजे घाला, हे सिमेंट कातडी भाजतं. गोळा कोमट लागायला लागला की खाचेत जोरानं दाबा आणि दोन-तीन मिनिटं हात न हलवता धरून ठेवा. लवकर दाबला तर पाणी त्याला धुऊन नेतं, उशीर झाला तर दगड होतो. वरचा अर्धा इंच रिकामा ठेवा.

मग खाच धुऊन ओली करा, साचलेलं पाणी टिपा आणि जोडलेप मारा. एक भाग लेटेक्स, एक भाग पाणी आणि तीन भाग सिमेंट कालवून सायीसारखा दाट करा, जुन्या ब्रशनं खाचेच्या सगळ्या बाजूंना घासून लावा. तो बोटाला चिकटतोय तोवरच माल भरायचा. जेवायला गेलात आणि लेप सुकला, तर तोच लेप आता जुना-नवा माल वेगळा ठेवणारा पापुद्रा होतो. सुकला असेल तर तारेच्या ब्रशनं काढून परत मारा. भरायचा माल एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू, आणि दर १० किलो सिमेंटला २ लिटर लेटेक्स. पाणी जेमतेम, मूठ वळेल एवढंच.

तळ आणि भिंत जिथं भेटतात तिथंही हीच खाच सगळ्या बाजूंनी घ्या, भरा आणि वर दोन इंचांचा गोलसर वाटा (कोपरा बुजवणारा मालाचा उतार) मारा. उभ्या कोपऱ्यांनाही वाटा हवा. काटकोनी कोपऱ्यात कोटिंग पातळ बसतं आणि पहिली चीर तिथंच पडते. वाटा बाटलीच्या पोटानं घासून गुळगुळीत करता येतो, त्याला वेगळं हत्यार लागत नाही.

आरसीसी टाकीत भिंतीचा भाग जाळीदार, खडी उघडी पडलेला असेल तर घट्ट काँक्रीट लागेपर्यंत फोडा. गज गंजलेला दिसला तर त्याच्या मागेही बोट जाईल एवढं खोदा, गंज घासून झिंक प्रायमर लावा आणि वरचाच लेटेक्सचा माल अर्ध्या इंचाच्या थरांनी भरा.

गिलावा १:३ चा, दोन थरांत: पहिला १२ मिलिमीटर, थापीनं ओरखडे काढून ठेवलेला, दुसऱ्या दिवशी वर ८ मिलिमीटरचा. एकाच थरात २० मिलिमीटर चढवला की तो स्वतःच्या वजनानं लोंबतो आणि मागं पोकळी राहते. कोरडं सिमेंट भुरभुरून घोटू नका, वरचा पापुद्रा उडतो. पुढचे सात दिवस दिवसातून तीन-चारदा पाणी मारा किंवा ओली पोती लावून ठेवा.

कोटिंग

कोटिंग ओलसर पण पाणी न साचलेल्या भिंतीवर बसतं. हात लावल्यावर गार लागावी, तळहात ओला होऊ नये. बादलीत आधी द्रव ओता, त्यात पूड थोडी-थोडी टाकत ड्रिलला लावलेल्या पात्यानं हळू फिरवा. वेगानं फिरवलं की हवेचे बुडबुडे शिरतात आणि ते पुढं सुईच्या टोकाएवढी भोकं होतात. दाट वाटतं म्हणून पाणी घालू नका. अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढंच कालवा.

आधी कोपऱ्यांना आणि पाइपांभोवती एक हात द्या आणि ओल्यातच फायबरग्लासच्या जाळीची सहा इंची पट्टी दाबून बसवा. मग पूर्ण टाकीला पहिला हात आडवा, दुसऱ्या दिवशी दुसरा उभा. दोन हात मिळून चौरस मीटरला दीड ते दोन किलो माल गेला पाहिजे. डबा उरला तर आनंद मानू नका, थर पातळ झाला आहे. भिंती आधी, तळ शेवटी, आणि शिडीच्या पायांना कापड गुंडाळा.

बंद टाकीत हवा दमट असते आणि कोटिंग सुकायला बाहेरच्यापेक्षा वेळ लागतो. फॅन चालू ठेवून डब्यावर लिहिलेले दिवस पूर्ण द्या, ते नसतील तर निदान सात. पांढऱ्या टाइल्स लावायच्या असतील तर या कोटिंगवर लावा. त्यांनी साफसफाई सोपी होते. पाणी मात्र टाइल अडवत नाही, ते तिच्या सांध्यांतून जातंच. एपॉक्सीचा लेप टिकाऊ असला तरी त्याला भिंत खरोखर कोरडी लागते. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं चिकटवून दिवसभर ठेवा. खालून दव धरलं तर एपॉक्सी मारू नका, जमिनीतल्या टाकीत बहुधा दव धरतंच.

परत भरताना

पहिल्या दिवशी एक तृतीयांश भरा, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ण. एका दमात भरलं तर ताज्या सांध्यांवर पूर्ण दाब एकदम येतो, आणि गळलं तर कुठल्या उंचीवर ते कळत नाही. हे पहिलं पाणी दिवसभर ठेवून, भिंती नरम ब्रशनं घासून, झाडांना किंवा फरशी धुवायला काढून टाका.

मग निर्जंतुकीकरण. ताज्या, ३३ टक्के क्लोरीन असलेल्या ब्लीचिंग पावडरीचं प्रमाण १,००० लिटरला १५० ग्रॅम, म्हणजे आपल्या टाकीला साधारण एक किलो. पाकीट उघडून ठेवलेलं असेल तर तिची ताकद उतरलेली असते, नवंच घ्या. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून चुना तळाला बसू द्या आणि वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओता. अॅसिडशी किंवा बाथरूमच्या क्लीनरशी तिचा संबंध येऊ देऊ नका, विषारी वायू निघतो. चोवीस तासांनी हे पाणी मोटारीनं गच्चीच्या टाकीत चढवून घरातले सगळे नळ वास येईपर्यंत सोडा, म्हणजे पाइपही धुतले जातात. मग दोन्ही टाक्या रिकाम्या करून नळाच्या ताज्या पाण्यानं भरा.

दोन दिवस जाऊ द्या आणि झाकणाच्या चौकटीवरच्या त्याच खुणेवरून परत मोजा. चोवीस तासांत मिलिमीटरभर फरक असेल तर काम झालं. पाच-सहा दिसले तर टाकी लगेच उपसू नका. पुन्हा पाणी न वापरता सोडा, पातळी कुठं थांबते ते लिहा आणि आधीच्या रेषेशी ताडून बघा. त्याच रेषेवर थांबली तर तीच जागा कच्ची राहिली आहे, बहुतेक वेळा पाइप. वर थांबली तर खालची गळती बंद झाली आहे आणि आधी तिच्या आड लपलेली वरची आता दिसते आहे. त्या वेळी त्या रेषेखाली चार इंचांपर्यंतच पाणी उतरवा, तेवढाच पट्टा सुकवा आणि तिथलीच भेग उघडून भरा.